भैरूअण्णांची सुतकं

आमच्या शेजारच्या भैरूअण्णांना वर्षातून सात-आठ वेळा सुतक येतं. घरातलं माणूस मात्र एकही कमी झालेलं नसतं.

आणि सुतक म्हणजे अगदी रीतसर. दाढी बंद. देवाला हात नाही, देवळाची वाट नाही, गोडाला बोट नाही. झोपायला गादी सोडून घोंगडं. कॉलनीत नव्यानं राहायला आलेला एखादा भला माणूस हळहळत त्यांच्या दारात जातो, चपला लांब काढतो आणि आवाज खाली घेऊन विचारतो, "कोण गेलं, अण्णा?"

"आमची हौसा गेली," अण्णा पंच्यानं डोळे पुसत सांगतात. "काय वय हुतं वो तिचं! चोवीस."

"अरेरे! काय झालं होतं?"

"हिरीत पडली. पान दोनशे बारा."

भला माणूस त्या पानावर अडकतो. तेवढ्यात आतून तानूआक्का, म्हणजे अण्णांची बायको, भांडं आपटून ओरडते, "या, बसा, चा घ्या. कुणी मेलं न्हाय. पुस्तकातली हाय ती!"

होय. भैरूअण्णा कादंबरीतल्या माणसांचं सुतक धरतात. आणि हा रोग त्यांना मी लावला, हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर तानूआक्का तुम्हाला सांगेलच.

अण्णा मूळचे बेळगुंदीचे. तिथली शेती भाऊ बघायचा. अण्णांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. पंपाचं लोखंडी अंग ओतायचं असलं, की आधी हुबेहूब तसंच लाकडात घडवायचं, ते काळ्या वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं, आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. हे मला एवढं नीट माहीत आहे, कारण कुठल्याही मरणाबद्दल बोलताना अण्णा शेवटी फौंड्रीतच येऊन पोचतात. "लाकूड काडून घेतलंसा तरी वाळूत जागा ऱ्हाती की वो," असं म्हणतात आणि तळहातानं हवेत ती जागा दाखवतात. एवढी. कधी एवढी.

निवृत्त झाल्यावर अण्णा गेटपाशी स्टूल टाकून नुसते बसायचे. उद्यमबागेकडे जाणाऱ्या मोटरसायकली बघायचे आणि कुणाच्या इंजिनात काय बिघडलंय ते आवाजावरून स्वतःलाच सांगायचे. मला दया आली. "अण्णा, वाचता का काही?"

"कन्नड का मराठी?"

"मराठी."

"मराठी चौथीपत्तूर पक्की हाय. त्याच्या फुडं तुमी सांबाळून घ्या."

मी एक जाडजूड कादंबरी दिली. पंधरा दिवसांनी तानूआक्का भिंतीपलीकडून उगवली. "लायब्रीबाई, काय दिलंसा वो ह्यास्नी? चार दिवस झालं, दाढी करंनात. म्हणतात, सुतक हाय. माझा भाऊ गेला की काय म्हणून मी फोनवर फोन केले!"

लायब्रीबाई म्हणजे मी. मी निपाणीची. लग्नाआधी तिथल्या एका वाचनालयात काउंटरवर बसायची. दोन वेण्या, इस्त्रीचा रुमाल आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचं दुःख. त्या वयात मला ठाम वाटायचं, की कादंबरी वाचून रडणं ही एक विद्या आहे आणि अख्ख्या निपाणीत ती मला एकटीलाच अवगत आहे. मी काउंटरवर बसून रडायची. म्हणजे लोकांना दिसेल अशा बेतानं. दुपारच्या सुट्टीत तंबाखूच्या वखारीतले कारकून पुस्तक बदलायला आले, की माझा रुमाल बाहेर निघायचा. "कुठलं हो पुस्तक?" ते विचारायचे. झालं, मला तेवढंच हवं असायचं. माझी एक वही होती. तिच्यात प्रत्येक कादंबरीपुढे मी अश्रूंचे थेंब काढायची. एक थेंब म्हणजे बरी, दोन म्हणजे चांगली, चार थेंब म्हणजे वाचल्याशिवाय मरू नका. एका कारकुनाला मोठ्या विश्वासानं चार थेंबांची कादंबरी दिली. आठ दिवसांनी परत आणून म्हणाला, "शाई चांगली वापरलीय." मी त्याला तोंडावर हृदयशून्य म्हटलं. पुढं त्याच्याशीच माझं लग्न झालं. अजूनही त्याला पुस्तकात शाईच दिसते, आणि संसार उत्तम चालला आहे.

मला खरोखर येत होतं ते काम वेगळंच. जुन्या पुस्तकांची पानं गळायची. मग दुसऱ्या वाचनालयातून तीच प्रत मागवायची, गळालेली पानं हातानं उतरून काढायची, त्याच मापाचा कागद कापायचा आणि मैद्याच्या खळीनं असा चिकटवायचा, की बोटाला जोड लागू नये. लोक छापील पानांवरून माझ्या अक्षरावर यायचे, पुन्हा छापील पानांवर जायचे, आणि कुणाचा पाय अडखळायचा नाही. त्याचं मला काही वाटायचं नाही. मला अभिमान होता तो रुमालाचा.

असो. तर अण्णांची सुतकं.

त्यांना नियम आहेत. नायक-नायिकेचं दहा दिवस. बाकीच्यांचं तीन. खलनायक मेला तर नुसती आंघोळ, "तीबी गरम पाण्यानं." मी एकदा खोडी काढायची म्हणून त्यांना ऐतिहासिक कादंबरी दिली. तिच्यात पानागणिक माणसं पडत होती. म्हटलं, आता अण्णा वर्षभर घोंगड्यावरून उठत नाहीत. पण अण्णा गावच्या भटजींना भेटून शास्त्र घेऊन आले होते. मरणाची बातमी फार उशिरा कळली तर सुतक तीनच दिवस. "ह्यास्नी जाऊन तीनशे वर्सं झाली की वो. समद्यांचं मिळून तीन दिवस लई झाले." पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं तर सुतक नाही, कारण माणूस दोनदा मरत नाही. आणि बैल मेला तर पंधरा दिवस.

"माणसाचं दहा आणि बैलाचं पंधरा? का हो?"

"माणसं काय ना काय करत्यात. बैलानं त्या लेखकाचं काय वाकडं केलतं?"

तानूआक्का यातलं काहीच मानत नाही. अण्णा सुतकात असले, की ती मुद्दाम देवापुढं दुप्पट उदबत्त्या लावते, ओवाळलेलं ताट त्यांच्या नाकाजवळून फिरवून नेते आणि तांबडा रस्सा करते. "माझ्या म्हायेरचं कुणी मेल्यालं न्हाय," म्हणते आणि हाड चोखते.

दर गुरुवारी दुपारी माझ्या व्हरांड्यात पुस्तकांची देवघेव चालते. मी, अण्णा आणि सुमन कांबळे. सुमन तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. रिटायर झाली तरी हुकूम सोडण्याची सवय गेलेली नाही. लेखकांनासुद्धा ती ड्यूटीवर उशिरा आलेल्या आयांसारखी झापते. तिनं दिलेल्या एका कादंबरीत गिरणीतला एक म्हातारा बौद्ध कामगार गेला. अण्णा बेचैन. तिच्या घरी जाऊन विचारून आले, "सिस्टर, तुमच्यात काय करत्यात?"

"आमच्यात विटाळ नसतो, अण्णा. माणूस आठवायचा. मेणबत्ती लावा, दोन मिनिटं शांत बसा आणि त्याच्या नावानं कुणाला तरी एक पुस्तक द्या."

अण्णांनी मेणबत्ती लावली, शांत बसले, पुस्तक दिलं. आणि वर दहा दिवस दाढीही केली नाही. "तुमचंबी केलो, आमचंबी केलो. म्हाताऱ्याला कुटं कमी पडाय नगो."

त्यामुळं आमच्यात "छान आहे, वाचा" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. पुस्तक पुढं केलं, की पहिला प्रश्न: "कोण जातंय का?" मग इमानदारीत सांगावं लागतं. "दोघं. एक आजोबा, झोपेत. आणि एक दीर, पण तो तसाही आगाऊ होता."

गेल्या वर्षापर्यंत आम्ही हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मग थोरल्या नातवाचा साखरपुडा आला. आदल्या दिवशी अण्णांच्या पुस्तकातली मास्तरीणबाई क्षयानं गेली. नायिकाच ती, म्हणजे दहा दिवस. अण्णा हॉलच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. आत पेढे फिरतायत आणि मुलाचा आजोबा दाढी वाढवून बाहेर. व्याही बिचारे येऊन विचारतात, "कोण गेलं?" अण्णा म्हणतात, "मास्तरीणबाई." मुलीकडच्या दोन बायकांनी लगेच कुजबूज सुरू केली, की ही मास्तरीण कोण आणि म्हाताऱ्याचा तिच्याशी संबंध काय. तानूआक्का त्या दिवशी इतकी लाल झाली होती, की तिच्यापुढं रस्सा फिका.

यंदा धाकट्या नातीचं लग्न ठरलं. श्वेताचं. ही पोरगी अण्णांच्या खांद्यावर वाढली. आता उद्यमबागेतच एका ऑफिसात कामाला आहे, आणि स्वभाव आज्जीचा. तिनं अण्णांना समोर उभं करून सांगितलं, "आज्जा, तू माझ्या लग्नात बाहेर बसलास तर मीबी शालू नेसून तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार. मग आत लावू देत कुणाचं लगीन लावायचं ते." तिचा बाप तर बोलायच्या पलीकडं गेला होता. ह्या खेपेला अण्णा बाहेर बसले तर जन्मात तोंड बघणार नाही, असं त्यानं आईला सांगून ठेवलं होतं.

तानूआक्का माझ्याकडं आली. कधी नव्हे ती हळू आवाजात बोलली. "लायब्रीबाई, तोंडाला येतं तसं बोलत्यात सगळी. खरंच तसं झालं म्हंजे घर फुटंल. लगीन हुईस्तोर कुणी मरत न्हाय असलं पुस्तक द्या."

"पुस्तकच नको मग महिनाभर."

"केलं की तेबी. चष्मा लपीवला. तर औषदाच्या बाटलीवरचं डोळ्याला लावून वाचूलालेत. त्यात कोण मेलं तर?"

मी कपाट उघडलं आणि डोळे मिटून वेणूची कादंबरी काढली. कोकणातल्या एका खाडीकाठची गोष्ट. वेणू नावाची होडीवाल्याची पोरगी, तिच्यावर आलेली संकटं, आणि शेवटी मनासारखं लग्न. माझ्या वहीत चार थेंब, पण सगळे आनंदाचे! "हिच्यात कोंबडीसुद्धा मरत नाही," मी अण्णांना छातीवर हात ठेवून सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि वेणूला घेऊन स्टुलावर बसले.

लग्नाला सहा दिवस राहिले असताना सुमनचा फोन आला. तिनं तीच कादंबरी कुठून तरी मिळवून वाचली होती.

"काय बाई आहेस तू! कोंबडी मरत नाही म्हणे. अगं, शेवटच्या प्रकरणात वेणू बाळंतपणात जाते! आणि मुलगी पण! आणि केस काय अवघड होती? काही नाही. त्या सुईणीला मी वॉर्डात उभी केली नसती. लेखकाला काय कळतंय, कळा सुरू झाल्यावर वादळाचं वर्णन करत बसलाय चार पानं!"

आणि इथं मला पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगणं भाग आहे. मी कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचत नसे. सगळ्यात जास्त रडू पाऊण पुस्तकाला येतं, त्यापुढं लेखक नुसती आवराआवर करतो, असं माझं त्या वेळचं विद्वान मत होतं. शिवाय पुढची चार थेंबांची वाट बघत असायची. वेणूची कादंबरी मी तिच्या लग्नाच्या प्रकरणाला मिटली, कारण त्याच आठवड्यात तो शाईवाला मला बघायला येणार होता आणि मला दुसऱ्याच्या लग्नात रडायला वेळ नव्हता. पुढं जन्मभर "काय गोड शेवट!" म्हणत मी ती लोकांच्या हातात देत राहिले. त्यातला एकही माणूस परत येऊन माझ्याशी का भांडला नाही, याचंच आता नवल वाटतं. बहुतेक तेही शेवटपर्यंत वाचत नसावेत.

दुसऱ्या दिवशी अण्णा कटिंगला गेले. तानूआक्कानं पदराखालून पुस्तक आणलं. अण्णा खूण म्हणून पॉलिशपेपरचा तुकडा घालतात. तो शेवटच्या प्रकरणाच्या जेमतेम वीस पानं अलीकडं होता. मी दाढीचं पातं घेतलं. जिनं उभ्या जन्मात पुस्तकाचा कान दुमडला नाही, तिनं वेणूचं मरण मुळापासून कापून काढलं. मग वहीचे पिवळे पडलेले कोरे कागद मापात कापले, पेन घेतलं, आणि नवं प्रकरण लिहायला बसले.

एकटीनं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण दोघी डोक्यावर उभ्या.

"सुखरूप सुटली असं नुसतं लिहू नकोस," सुमन म्हणाली. "वजन लिही. पावणेतीन किलो."

"त्या काळात वजन कुठलं गं?"

"मग सुखरूप कशावरनं म्हणायचं?"

लिहिलं. पावणेतीन किलो.

"आता बारसं घाला," तानूआक्का म्हणाली. तिला चेव आला होता. "पाळण्याला झेंडूची माळ घाला. पाच सवाशिणी घाला. वेणूच्या सासूनं गोड काय केलं? कुंदा घाला. बारशाला कुंदा पायजे."

माझा हात भरधाव चालला होता. घातला कुंदा. पाळणा हलला, झेंडू आला, पेढ्यांवर पिस्ता आला, आत्या पुढं झाली, बाळाच्या कानाशी वाकली.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

सुमन म्हणाली, "काहीतरी छोटं."

मी वर बघितलं तर तानूआक्का उठून उभी राहिली होती. "नावाचं ऱ्हाऊ दे," म्हणाली. "गॅसवर दूध ठिवलंय, उतू जाईल." आणि गेली.

मला घाई होती. खळ वाळायला हवी होती. "तिचं नाव" असं लिहून मी बोटभर जागा सोडली, म्हटलं सुचलं की भरू, आणि पुढं लिहिलं, "असं ठेवण्यात आलं. पाळणा हलत राहिला." समाप्त. नाव काही सुचलं नाही, आणि मग विसरलेच.

अण्णांना सांगितलं, की शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, मी दुसऱ्या प्रतीवरून उतरून लावली. त्यांनी नुसतं "बरं केलंसा" म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं पुस्तक संपलं. तानूआक्का दाराच्या फटीतून बघत होती. अण्णा पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "तानू, वस्तरा दे." भिंतीवरून तिनं मला अंगठा वर करून दाखवला. मी सुमनला फोन लावला. तिघी मिळून आम्ही विशीतल्या पोरींसारख्या हसलो. विशी जाऊन पन्नास वर्षं झाली, ते सोडा.

लग्न सांबऱ्याच्या रस्त्याला एका हॉलमध्ये झालं. अण्णा गुळगुळीत दाढी करून, भगवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. देवक त्यांनीच बसवलं. अक्षता टाकताना ते नातीकडं बघत होते आणि त्यांचा निम्मा तांदूळ पुढच्या माणसाच्या टकलावर पडत होता. बासुंदी दोनदा मागून घेतली. मुलगा येऊन पाया पडला, तेव्हा अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी आणि सुमन एकमेकींना चिमटे काढत होतो. लेखकापेक्षा आमचा शेवट चांगला झाला, यावर आमचं एकमत होतं.

लग्नानंतर आठव्या दिवशी, उन्हं कलताना, अण्णा पुस्तक घेऊन आले. व्हरांड्यात बसले. शेवटचं प्रकरण उघडलं आणि अंगठा जोडावरून सावकाश फिरवला.

"जोड झकास हाय. चाळीस वर्सं जोडच घातलोय, मलाबी हाताला लागला न्हाय."

मी फुलले. एवढ्या वर्षांनी त्या कामाचं कुणी कौतुक करत होतं.

"पर बाई, कोकणात खाडीवर कुंदा कुटनं आला वो? बेळगावचा?"

मी उगाच पुस्तकांचा ढीग सरळ केला.

"आन पावणेतीन किलो. तराजू माशे तोलायचा आणलासा काय?"

"अण्णा…" मी म्हटलं. "कधी कळलं?"

"वाचलो तवाच. शुक्रवारी."

"मग दाढी केलीत. आत बसलात. बासुंदी खाल्लीत."

अण्णांनी एक पान मागं उलटलं. "खऱ्या पुस्तकात दोघीबी गेल्या न्हवं?"

"हो."

"वाटलंच." त्यांनी पान सारखं केलं. "पर तुमी त्या पोरीला बाराव्या दिवसापत्तूर आणलंसा की वो. पाळण्यात घातलंसा. मग म्या सुतक कुणाचं धरू?" मग त्यांनी बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं. "समदं लिवलंसा. पेड्यावरचा पिस्ताबी लिवलासा. हितं नाव का न्हाय?"

"सुचलं नाही, अण्णा."

अण्णा रस्त्याकडं बघत बसले. एक मोटरसायकल गेली. तिच्या आवाजाबद्दल ते काही बोलले नाहीत.

"आमची नऊ दिवसांची हुती," ते म्हणाले.

मला वाटलं, आणखी एखादी कादंबरी. 'कुठल्या पुस्तकातली?' असं विचारायला मी तोंडसुद्धा उघडलं होतं. देवानं ते तसंच ठेवलं.

"बेळगुंदीत. थोरल्याच्या आदी. आई म्हणाली, बारसं न्हाय, नाव न्हाय, तर सुतकबी न्हाय. तानूला म्हणाली, रडू नगंस, रडलीस तर फुडचं येणार न्हाय. मला म्हणाली, कामाव जा. गेलो. सकाळच्या बसनं गेलो. त्या दिवशी पंपाचा पॅटर्न हुता." त्यांनी गालावरून हात फिरवला. "कुणी कायबी इचारलं न्हाय. कसं इचारतील? दाढी करून गेलतो की."

मी विचारलं, "नाव ठरवलं होतं?"

"मनात ठरीवलतो. नाव बारशादिवशीच सांगायचं असतंय न्हवं?"

"आणि तानूआक्काला?"

"बारसंच झालं न्हाय. कवा सांगू?"

पुस्तक त्यांनी माझ्याकडं सरकवलं. "मला भैन न्हाय, बाई. कुर्र कराय आत्या लागत्या."

मग भिंतीकडं तोंड करून हाक मारली. "तानूऽ! हिकडं ये. बारसं हाय."

तानूआक्का पिठाच्या हातानं आली. उघडं पुस्तक बघितलं, अण्णांचं बोट कुठं आहे ते बघितलं. मी वाट बघत होते, की आता ओरडणार, पुस्तकातली हाय ती. ती ओरडली नाही. पायरीवर बसली.

आता सत्तरी ओलांडलेल्या बाईनं भर व्हरांड्यात कादंबरीच्या पानाला तोंड लावून "कुर्रर्र" करायचं, म्हणजे बघणाऱ्याला काय वाटेल? समोरच्या घरातला माणूस गॅलरीत येऊन बघत होताच. बघू दे म्हटलं. अण्णांनी माझ्या कानात सांगितलं. मी वाकले, कुर्र केलं, आणि पानाला सांगितलं.

सुगंधा.

मग पेन घेऊन त्या बोटभर जागेत लिहिलं. बरोबर मावलं.

"सुगंधा," तानूआक्कानं एकदाच म्हणून बघितलं, आमटीचं मीठ बघावं तसं. "बरं हाय," म्हणाली. "चांगलं हाय."

अण्णा उठले. पायात चपला सरकवत म्हणाले, "आता तीन दिवस."

"कसले?"

"बातमी उशिरा कळली न्हवं."

ते तीन दिवस अण्णांनी दाढी केली नाही, हे काही नवल नव्हतं. तानूआक्कानं तीन दिवस देवापुढं दिवा लावला नाही. उदबत्ती नाही, रस्सा नाही, भांड्यांचा आवाज नाही. घोंगडं दोघांनी अंथरलं होतं. मी शेजारधर्मानं पिठलं-भात नेऊन देत होते. सुमन आली, तिनं मेणबत्ती लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं कुणाला हुकूम न सोडता बसली. मी? मी रुमाल न्यायला विसरले होते. पदरानं भागवलं, आणि कुणी बघतंय का ते बघायचं राहूनच गेलं.

चौथा दिवस नेमका गुरुवार. अण्णा गुळगुळीत होऊन व्हरांड्यात हजर. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आणि तानूआक्काचा आवाज एकदमच आला, "लायब्रीबाई, आयतवारी मटन आणणार हाय! त्याच्या आदी कुणाला मारू नगासा!"

"पुस्तक द्या," अण्णा म्हणाले.

"शोधते हं. कुणी मरत नाही असलं. आणि या खेपेला आधी शेवटपर्यंत वाचून देते."

"मरू द्या वो," अण्णा स्टुलावर बसत म्हणाले. "नाव तेवढं असू द्या."